सरावात जमतं, ऐन वेळी का फिसकटतं?

प्रश्न थोडक्यात असा: "सरावात सगळं नीट येतं, पण प्रसंग खरा असला की हात थरथरतात, डोकं चालेनासं होतं. रागाच्या किंवा घाईच्या भरात घेतलेले निर्णय दोन दिवसांनी मलाच पटत नाहीत. भावना बाजूला ठेवून काम कसं करावं, निर्णय कसे घ्यावेत?"

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये २२ वर्षं झाली. त्यातली निम्मी वर्षं मी तरुण डॉक्टरांकडून आणि नर्सेसकडून आणीबाणीच्या प्रसंगांचा सराव करून घेते आहे. रुग्णाच्या जागी पुतळा असतो आणि मॉनिटरवरचे आकडे खोटे असतात, पण लोकांना घाम मात्र खरा फुटतो. तुमच्या प्रश्नातलं "भावना बाजूला ठेवून" मला मान्य नाही, त्याकडे नंतर येते. आधी माझीच एक चूक सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरून सांगणं सोपं जाईल.

नोकरीचं दुसरं-तिसरं वर्ष होतं. साधी शस्त्रक्रिया, धडधाकट रुग्ण. भूल दिली, स्नायू सैल करणारं औषध दिलं. त्या औषधानंतर रुग्ण स्वतः श्वास घेत नाही, तो आम्ही द्यायचा असतो. लॅरिंगोस्कोपने जीभ बाजूला सारायची, श्वासनलिकेचं तोंड शोधायचं आणि त्यात नळी सरकवायची, हे मी तोवर शेकडो वेळा केलेलं होतं. त्या दिवशी ते तोंडच दिसेना. लॅरिंगोस्कोप काढला, डोक्याखालची उशी सारखी केली, पुन्हा घातला. नाही. तिसऱ्यांदाही नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरू लागला की पल्स ऑक्सिमीटरच्या टिकटिकीचा सूर खाली खाली जातो. मॉनिटरकडे मान न वळवताही कळावं म्हणून ती सोय असते. तो उतरता सूर आमच्यातल्या कोणालाही झोपेतून जागं करील. मला तो ऐकू आला नाही. सिस्टर दोनदा म्हणाल्या, "मॅडम, सॅच्युरेशन सत्तर." तेही नाही. मला दिसत होतं ते नळीचं टोक आणि एक गुलाबी घडी. तिच्या मागेच ते तोंड आहे अशी माझी पक्की खात्री होती. चौथ्या वेळी आमच्या सरांनी माझं मनगट धरलं. "काढ. मास्कने श्वास दे."

मास्कने श्वास सहज गेला. सूर वर चढला. रुग्णाला काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी त्यांनी फक्त घसा दुखत असल्याची तक्रार केली. नंतर सरांनी विचारलं, "किती वेळ गेला असेल?" मी म्हटलं, "दीड मिनिट." नोंदीत चार मिनिटं होती.

दोन प्रयत्नांच्या मध्ये मास्कने श्वास द्यायचा, हे मला तोंडपाठ होतं. परीक्षेत त्यावर उत्तर लिहून मी मार्क मिळवले होते. मग त्या चार मिनिटांत ते गेलं कुठे? कुठेही गेलं नव्हतं. माझ्या लक्षाचा झोत इतका बारीक झाला होता की ते त्याच्या बाहेर पडलं. आणि यातली सगळ्यात फसवी गोष्ट अशी की आतून काही बारीक झाल्यासारखं वाटत नाही. उलट आपण कधी नव्हे इतके एकाग्र आहोत असं वाटतं.

शरीरात काय होतं ते पटकन सांगते. धोका जाणवला की काही सेकंदांत ॲड्रिनलिन सुटतं: छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, बोटं थरथरतात. कॉर्टिसोल त्यामानाने सावकाश चढतं. त्याचं शिखर साधारण २० ते ३० मिनिटांनी येतं, म्हणून प्रसंग निवळला तरी शरीर लगेच निवळत नाही. (कडाक्याच्या वादानंतर पाच मिनिटांनी "आता मी अगदी शांत आहे" म्हणत पाठवलेल्या ईमेलवर माझा विश्वास नाही, माझ्या स्वतःच्यासुद्धा.) याच वेळी कपाळामागच्या मेंदूच्या भागावर, ज्याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात, परिणाम होत असतो. येल विद्यापीठातल्या एमी आर्न्स्टन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. नॉरॲड्रिनलिन आणि डोपामिन ही रसायनं बेताची असली तर हा भाग उत्तम चालतो. त्यांचा पूर आला की तिथल्या पेशींमधला संवाद ढिला पडतो. आणि तिथे होणारी कामं कोणती, तर चार गोष्टी एकाच वेळी मनात धरणं, नवा पर्याय शोधणं, आणि चालू असलेली कृती थांबवणं. थांबवणं यातच येतं, हे ध्यानात घ्या.

उरते ती सवय. २००९ मध्ये लार्स श्वाबे आणि ऑलिव्हर वोल्फ यांनी लोकांना बर्फासारख्या पाण्यात हात बुडवायला लावून ताण दिला आणि मग काही साध्या निवडी शिकवल्या. पुढे त्या निवडीतून मिळणारं बक्षीस नकोसं झालं, तरी ताण दिलेली मंडळी आधी शिकलेलीच निवड करत राहिली. ताण न दिलेल्यांनी निवड बदलली. म्हणून खऱ्या प्रसंगी तुम्ही तुमच्या सर्वोत्तम विचाराच्या पातळीवर नसता, सर्वांत मुरलेल्या सवयीच्या पातळीवर असता. सवय योग्य असेल तर ठीक. माझी सवय "नळी घाल" ही होती, "थांब" ही नव्हती.

हे फक्त थिएटरातलं नाही. १ जून २००९ च्या रात्री रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान अटलांटिकवर होतं. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फाचे कण अडकले, वेगाचे आकडे बेभरवशाचे झाले आणि ऑटोपायलट सुटला. आकड्यांतला गोंधळ जेमतेम मिनिटभराचा होता. पण विमान हाती असलेल्या सहवैमानिकाने नाक वर खेचलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. पंखांना पुरेसा आधार मिळेनासा झाला की कॉकपिटमध्ये "स्टॉल" असा यांत्रिक इशारा घुमू लागतो. तो एकदा सलग ५४ सेकंद घुमत होता. फ्रेंच तपास यंत्रणेचा अंतिम अहवाल २०१२ मध्ये आला. त्यानुसार कॉकपिटमधल्या कोणीही त्या इशाऱ्याचा साधा उल्लेख केला नाही. ऑटोपायलट सुटल्यापासून समुद्रावर आदळेपर्यंत चार मिनिटं आणि वर काही सेकंद. २२८ जण गेले. तो अहवाल वाचताना मी त्या चार मिनिटांशी बराच वेळ अडले होते.

आता तो प्रसिद्ध आलेख. ताण आणि कामगिरीची डोंगरासारखी वक्ररेषा तुम्ही कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणात पाहिली असेल: ताण अगदी कमी असला तर कामगिरी खाली, मध्यम असला तर शिखरावर, फार झाला तर पुन्हा खाली. तिच्याखाली यर्क्स आणि डॉडसन ही नावं असतात. मूळ प्रयोग १९०८ चा, आणि तो उंदरांवरचा. उंदरांना पांढरी आणि काळी पेटी ओळखायला शिकवलं जात होतं. चुकलं की विजेचा झटका. फरक ठळक असताना झटका जितका जोरदार, तितकं ते लवकर शिकले. फरक ओळखायला अवघड केला तेव्हा मात्र मध्यम झटका सर्वांत उपयोगी ठरला आणि जोरदार झटक्याने शिकणं मंदावलं. सगळ्या कामांना लागू पडणारा एकच डोंगर त्या उंदरांनी कधीच दाखवला नव्हता. कामाच्या अवघडपणानुसार रेषा बदलते, हा त्यातला खरा माल, आणि प्रशिक्षणातल्या पडद्यावर नेमका तोच गळालेला असतो. जड वजन उचलायला, धावत सुटायला, पाठ असलेली कृती जोमाने करायला भरपूर ताण चालतो. ज्यात तुलना करायची आहे, शंका घ्यायची आहे, त्याला तोच ताण मारक.

तुमच्या दोन तक्रारी, "हात थरथरतात" आणि "डोकं चालेनासं होतं", मी एकत्र घेणार नाही. त्या दिसतात जुळ्या, पण कारणं जवळजवळ उलटी आहेत.

डोकं बंद पडणं हे बहुतेक वेळा गर्दीचं प्रकरण असतं. लेखी परीक्षा, मुलाखत, हिशेब मांडणं, वरिष्ठांसमोर उत्तर देणं, या कामांना मनात तात्पुरत्या गोष्टी धरून ठेवायची जागा लागते. मानसशास्त्रात तिला कार्यस्मृती म्हणतात आणि ती मुळातच लहान असते. "जमलं नाही तर?", "सगळे बघताहेत", "मागच्या वेळीही असंच झालं होतं" ही वाक्यं त्याच जागेत येऊन बसतात. मग बाकीच्या कामाला जागा कुठली? इथे उपाय म्हणजे जागा रिकामी करणं. २०११ मध्ये जेरार्डो रामिरेझ आणि सायन बायलॉक यांनी विद्यार्थ्यांना परीक्षेच्या आधी १० मिनिटं त्या परीक्षेबद्दलची भीती कागदावर उतरवायला सांगितली. ज्यांना परीक्षेची धास्ती जास्त, त्यांना याचा फायदा झाला. मी हे स्वतः करते. मोठ्या शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी वहीत चार ओळी: आज मला कशाची भीती वाटते आहे. त्यात एकदा मी फक्त "सगळ्याची" असं लिहिलं होतं. तेवढ्यानेही बरं वाटलं.

हाताचं मुरलेलं काम बिघडणं हे वेगळं. आमच्याकडे एक रेसिडेंट होता. सलाइन लावण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, लहान मुलांची न दिसणारी शीरही तो पहिल्या फटक्यात पकडायचा. एकदा आमचे प्राध्यापकच रुग्ण म्हणून दाखल झाले आणि याने त्यांची ठसठशीत शीर दोनदा चुकवली. मी नंतर विचारलं, "करत काय होतास?" म्हणाला, "मॅडम, सुईचा कोन नीट ठेवत होतो." तो वर्षभर कोनाकडे बघत नव्हता. बोटांना ठाऊक असलेलं काम त्याने डोक्याकडे परत मागून घेतलं होतं आणि डोक्याला ते येत नव्हतं. बायलॉक यांच्याच गोल्फवरच्या प्रयोगांत हे दिसलं आहे: मुरलेल्या खेळाडूंना स्वतःच्या फटक्याकडे लक्ष ठेवायला लावलं की त्यांचा खेळ घसरतो, नवशिक्यांना मात्र तसं लक्ष देण्याचा फायदा होतो. म्हणून "नीट लक्ष देऊन कर" हा सल्ला शिकाऊ माणसाला द्यावा, मुरलेल्याला देऊ नये. मुरलेल्या माणसाने लक्षाला शरीराबाहेरचं एखादं किरकोळ काम द्यावं. नजर लक्ष्यावर, ओठांवर एखादा ठरलेला शब्द किंवा लय. त्या रेसिडेंटला मी सुई टोचताना रुग्णाशी बोलत राहायला सांगितलं. पुढे त्याची ती सवयच झाली.

आणि थरथर म्हणजे चूक नव्हे. ते ॲड्रिनलिन आहे, ते मनाने थांबत नाही. आम्ही मनगट किंवा करंगळी कशावर तरी टेकवतो आणि काम करतो. तुमच्या कामात हाताला काय टेकवता येईल ते शोधा: पोडियमची कड, टेबल, कागदाऐवजी जाड पुठ्ठा. श्वासाबद्दल इतकं ऐकून तुम्ही कंटाळला असाल, तरी एक खरं आहे. श्वास सोडताना हृदयाचा वेग थोडा उतरतो, घेताना चढतो. म्हणून "खोल श्वास घे" यातला घेण्याचा भाग फारसा कामाचा नाही, सोडणं लांबवा. तीन-चार वेळा पुरे.

"शांत हो" ही मात्र मी ऐकलेली सर्वांत निरुपयोगी सूचना. धडधडत्या छातीला शांततेपर्यंत नेणं फार लांबचा पल्ला आहे. ॲलिसन वूड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अनोळखी माणसांसमोर गायला, भाषण करायला, गणितं सोडवायला लावलं. आधी स्वतःशी "मला उत्साह वाटतोय" म्हणणाऱ्यांची कामगिरी स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. उत्साहातही छाती धडधडतेच. शरीर बदलावं लागत नाही, त्याला दिलेलं नाव तेवढं बदलतं. हे ऐकायला भाबडं वाटतं. मलाही वाटलं होतं.

आता निर्णय, आणि माझी हरकत.

भावना बाजूला ठेवलेला माणूस कसा निर्णय घेतो हे पाहायला मिळालेलं आहे. मेंदूशास्त्रज्ञ अँटोनियो दमासिओ यांच्याकडे असे रुग्ण होते. कपाळामागचा खालचा, मधल्या बाजूचा भाग निकामी झालेला. बुद्धी, भाषा, स्मरणशक्ती शाबूत. त्यातला एक जण बर्फाळ रस्त्यावर गाडी चालवत तपासणीला आला. पुढची गाडी घसरली, चालक बाईंनी घाबरून ब्रेक दाबला आणि गाडी रस्त्याबाहेर गेली. या गृहस्थांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ब्रेक न दाबता ते त्याच बर्फावरून अलगद पुढे निघून आले. दुसऱ्या दिवशी दमासिओंनी त्यांना पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या. गृहस्थांनी वही काढली आणि जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांच्या बाजूने आणि विरोधात कारणं मांडली: आधीची कामं, नंतरची कामं, हवामान कसं असेल. शेवटी दमासिओंनीच सांगितलं की दुसऱ्या तारखेला या. "ठीक आहे," म्हणाले, वही खिशात टाकली आणि गेले.

माणूस तोच. भीती नसणं बर्फावर उपयोगी पडलं आणि तारखेपाशी आडवं आलं. "पुरे, एवढा विचार कशाला" हे सांगणारी आतली चिडचिडही एक भावनाच आहे, आणि ती नसेल तर कोणताच पर्याय दुसऱ्यापेक्षा जड होत नाही. तेव्हा भावना काढून टाकल्या की शहाणा निर्णय उरतो, हा समज सोडून द्या. माझ्याही कामात "या रुग्णाचं काहीतरी ठीक वाटत नाहीये" ही पोटातली कुरकुर आकड्यांच्या आधी येते, आणि ती पुष्कळदा बरोबर निघालेली आहे.

अडचण दुसरीकडे आहे. भावना खरी असते, पण ती आली कुठून हे ती स्वतः सांगत नाही. १९७४ मध्ये डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांनी कॅनडातल्या कॅपिलानो दरीवरच्या हलत्या झुलत्या पुलावर पुरुषांची मुलाखत घ्यायला एका तरुणीला उभं केलं. अशीच मुलाखत दुसऱ्या एका भक्कम, बुटक्या पुलावरही घेतली. दोन्हीकडे तिने आपला फोन नंबर दिला. झुलत्या पुलावरच्यांनी नंतर कितीतरी जास्त फोन केले. छातीतली धडधड पुलामुळे होती, श्रेय मुलीला मिळालं. सकाळी घरून निघताना झालेली कुरबुर दुपारच्या बैठकीत सहकाऱ्याच्या प्रस्तावावर निघते, ते असंच. प्रस्ताव वाईट आहे असं तुम्हाला मनापासून वाटतं. खोटं नाही वाटत.

भावना आणि भावना यांतही फरक आहे. जेनिफर लर्नर आणि डॅकर केल्टनर यांनी २००१ मध्ये दाखवलं की घाबरलेल्या माणसाला पुढचे धोके मोठे दिसतात आणि रागावलेल्याला लहान. राग आणि भीती दोन्ही "नकारात्मक" म्हणून एकाच पोत्यात भरतात, पण त्यांची दिशा उलटी. दोघांतली रागाची मला जास्त धास्ती वाटते. घाबरलेल्याला निदान कळतं की आपण घाबरलोय, तो दुसऱ्याला विचारतो. रागावलेल्या माणसाला मात्र आपलं म्हणणं दिवसाउजेडाइतकं लख्ख दिसत असतं. त्याला वाटतं, राग नव्हे, ही स्पष्टता आहे. तुम्ही दोन दिवसांनी पस्तावता ते निर्णय आठवून पाहा. घेताना शंका होती का? माझ्या यादीतल्या एकाही निर्णयाच्या वेळी नव्हती.

आणखी एक ओढ असते, काहीतरी करण्याची. मायकेल बार-एली आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये फुटबॉलच्या २८६ पेनल्टी किकचा हिशेब मांडला. गोलरक्षकाने गोलच्या मधोमध उभं राहणं गोल वाचवायला सर्वांत फायद्याचं ठरलं असतं. तरी सुमारे ९४ टक्के वेळा त्यांनी डावी-उजवीकडे उडी घेतली. उडी मारून गोल झाला तर प्रयत्न तरी केला. उभं राहून झाला तर नुसता बघत बसला. आमच्याकडे याचं रूप म्हणजे दर मिनिटाला नवं औषध देणारा डॉक्टर. कचेरीत ते बहुधा रात्री अकराला काढलेलं परिपत्रक असतं.

इतरांचा मूडही मोजा. २०१५ मध्ये इस्राएलमधल्या नवजात अतिदक्षता विभागातल्या २४ चमूंवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही चमूंना सरावाच्या आधी एका परक्या तज्ज्ञाने सहज अपमानास्पद शेरे मारले, काहींना नाही. शेरे ऐकलेल्यांचं निदान आणि हातातलं काम दोन्ही घसरलं. मोठ्या आवाजाने शिस्त येते म्हणणाऱ्या सर्जनना मी हे आवर्जून सांगते. ते रागावतात.

मग करायचं काय? झोत बारीक झालेला आतून कळत नाही, हे एकदा मान्य केलं की उपाय आत शोधण्यात अर्थ उरत नाही. ऐन वेळी मी स्वतःला सावरीन, हा भरवसा मी सोडून दिला आहे. जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी या आंधळेपणावर बरंच लिहिलं आहे: शांत असताना आपल्याला तापलेले आपण कसे असू याचा अंदाज येत नाही, आणि तापलेलं असताना शांत असल्याचं आठवत नाही. तेव्हा शांत असताना झोताच्या बाहेर काहीतरी ठेवून द्यावं लागतं: एखादा आकडा, एखादा कागद किंवा एखादं माणूस.

आकडा म्हणजे थांबण्याची रेषा. ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत श्वासनलिकेत नळी घालण्याचे जास्तीत जास्त तीन प्रयत्न सांगितले आहेत, चौथा फक्त जास्त अनुभवी सहकाऱ्याने करायचा. ती संख्या कोणाच्याही कौशल्यावर सोडलेली नाही, यातच सगळं आलं. तुमच्या कामात ही रेषा काय असेल ते तुम्हीच ठरवा, पण ठरवा शांत दिवशी आणि लिहून. इतका तोटा झाला की विकायचं. या रकमेपुढे बोली नाही. रागात लिहिलेलं पत्र एक रात्र मसुद्यात. "परिस्थिती पाहून ठरवू" म्हणालात तर परिस्थिती तुम्हाला ठरवील.

कागद म्हणजे यादी. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी सुरक्षा-यादी आणली. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. सगळ्या ठिकाणी इतका फरक पुढे दिसलेला नाही. यादी नुसती खुणा करून भरली तर तिचा काही उपयोग नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या यादीतली मला सर्वांत आवडणारी ओळ म्हणजे खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगणं. एकदा तोंड उघडलेलं माणूस दुसऱ्यांदा लवकर उघडतं.

आणि माणूस. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कहून उडालेल्या यूएस एअरवेजच्या १५४९ क्रमांकाच्या विमानाची दोन्ही इंजिनं पक्ष्यांच्या धडकेने बंद पडल्यात जमा झाली. धडकेपासून हडसन नदीवर उतरेपर्यंत २०८ सेकंद. विमानातले सगळे १५५ जण वाचले. कॅप्टन सलेनबर्गर यांच्या शांतपणाचं कौतुक झालं, पण त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं की त्या क्षणी पोटात खड्डा पडला होता. भीती होतीच. सुरुवातीच्या काही सेकंदांत त्यांनी विमानाचं राखीव वीज देणारं छोटं इंजिन सुरू केलं आणि दोन शब्दांत विमान स्वतःकडे घेतलं. सहवैमानिक स्काइल्स यांनी दोन शब्दांतच ते देऊन टाकलं आणि इंजिन पुन्हा चालू करण्याची यादी काढली. कोणी काय बघायचं हे वाटून झालं. दोन झोत दोन ठिकाणी. अटलांटिकवरच्या त्या रात्री नेमकी हीच वाटणी विस्कटली होती.

सराव कसा करावा, याबद्दल एवढंच: शांत खोलीत शंभर वेळा केलेला सराव शांत खोलीसाठीच असतो. थोडा घाम त्यात मिसळा. घड्याळ लावा, बघणारं कोणी बसवा, मध्ये व्यत्यय आणायला सांगा. आम्ही सरावात मुद्दाम फोन वाजवतो.

दीर्घकाळच्या ताणाचा विषय मोठा आहे, पण तुमच्या प्रश्नापुरतं थोडक्यात सांगते. महिनोन्महिने ताण असेल तर वरच्या युक्त्या तोकड्या पडतात. आधी झोप बघा: सलग १७ तास जागं राहिलं की प्रतिक्रियेचा वेग आणि अचूकता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी घसरते, आणि तेव्हाही माणसाला आपण ठीक आहोत असंच वाटतं. "इच्छाशक्ती दिवसभरात टाकीसारखी रिकामी होते" हे तुम्ही वाचलं असेल, तर ते फार मनावर घेऊ नका. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. छातीत धडधड होऊन जीव जाईल असं वारंवार वाटत असेल, किंवा आठवड्यांमागून आठवडे झोप लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. तिथे इंटरनेटवरचं उत्तर कामाचं नाही, माझंही नाही.

माझ्या त्या चार मिनिटांच्या चुकीनंतर प्रत्येक केसच्या आधी मी खोलीत मोठ्याने सांगते, "माझे प्रयत्न कोण मोजणार?" कोणीतरी हात वर करतं. नाव मी मोठ्याने म्हणते, म्हणजे नंतर त्याला गप्प बसायला जागा उरत नाही. मागच्या महिन्यात ते काम एका इंटर्नकडे होतं, थिएटरमधला तिचा तिसराच दिवस. नळी जाईना. मी दुसऱ्यांदा लॅरिंगोस्कोप काढून पुन्हा घालणार, तेवढ्यात मागून अगदी बारीक आवाज आला, "मॅडम, दोन झाले." तोंड अर्धं दिसलं होतं. पुढच्या वेळी नक्की जाणार, अशी माझी पक्की खात्री होती. मी लॅरिंगोस्कोप बाजूला ठेवला आणि मास्क मागितला.